दीदारेज़ी : कातिबाच्या गुडघ्यापासून ऑफिसच्या पडद्यापर्यंत

उर्दूत एक शब्द आहे, दीदारेज़ी. दीदा म्हणजे डोळा, आणि रेज़ी म्हणजे सांडणं, गाळणं. अतिशय बारीक, चिकाटीच्या कामाला हा शब्द वापरतात. एखाद्यानं जुनी हस्तलिखितं तपासून ग्रंथ सिद्ध केला की प्रस्तावनेत लिहितात, बड़ी दीदारेज़ी से काम किया है. मराठीत आपण त्याच अर्थानं ‘डोळे फोडून काम केलं’ म्हणतो. दोन्ही भाषांत हे कौतुक आहे. डोळ्यांचं पुढं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

चष्म्याच्या शब्दांचंही असंच आहे. ‘चष्मा’ फारसी चश्म, म्हणजे डोळा, यावरून आला. ‘ऐनक’च्या मुळाशी अरबी ऐन, तोही डोळाच. जुन्या संस्कृत लिखाणात ‘उपनेत्र’ सापडतं. मराठीनं यात स्वतःची भर घातली ती ‘चाळिशी’ची. वयाचा आकडाच वस्तूचं नाव झाला. माझ्या नाकावर ती चार वर्षांपूर्वी आली, त्यामुळे या शब्दाबद्दल मला आता जरा जास्तच आपुलकी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर एक लेख लिहिला होता. १५२० च्या सुमारास विजयनगरचे व्यासराय स्वामी वाचताना चष्मा वापरत, असा उल्लेख त्यांनी जुन्या चरित्रग्रंथातून शोधून काढला. मठातल्या पोथीचा इतिहास लिहिणारे पुष्कळ भेटतात. ती वाचणाऱ्याच्या नाकावर काय होतं, हे पाहणारे गोडे विरळाच.

हे सगळं आठवायचं कारण आजचं आहे. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाचे डोळे संध्याकाळी चुरचुरतात, जड होतात, अक्षरं दोन दोन दिसतात, कपाळ दुखतं. बँकेत, तहसीलात, कॉल सेंटरमध्ये, आणि आता शाळेच्या ऑफिसातसुद्धा. त्यावर उपाय म्हणून काचा, थेंब आणि ॲप यांचा बाजार जोरात आहे. पण लिहिण्या-वाचण्याच्या नोकरीनं डोळे शिणणं हा प्रकार संगणकापेक्षा हजार वर्षांनी तरी जुना आहे, आणि त्यावरचा उपायही पुष्कळ आधी सापडलेला आहे. तो सहसा मिळत का नाही, ही खरी इतिहासाची गोष्ट.

सुरुवात कैरोपासून करू. इब्न अल-हैसम यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास बसऱ्याचा. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, हे प्रयोगांच्या आधारानं मांडणारा हा माणूस. त्यांचा ‘किताब अल-मनाज़िर’ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बासेलला छापला गेला. हे आपल्या शाळांत आता सांगितलं जातं. सहसा सांगितलं जात नाही ते हे की हा माणूस पोटासाठी नकलनवीस होता. चरित्रकार इब्न अल-क़िफ़्ती लिहितात की ते वर्षाकाठी युक्लिडची भूमिती, टॉलेमीचं अल-मजिस्ती आणि या दोहोंच्या मधल्या टप्प्यावर वाचायचे गणिताचे ग्रंथ यांच्या नकला करून दीडशे दीनारांना विकत आणि त्यावर वर्ष काढत. डोळ्याचा सिद्धांत लिहिणारा माणूस स्वतः दिव्याच्या उजेडात दीदारेज़ी करत होता.

त्यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच डोळ्याच्या दुखण्याचा मुद्दा येतो. प्रखर उजेडाकडे पाहिलं की डोळा दुखतो, आणि नजर हटवल्यावरही ती खूण काही वेळ राहते. म्हणजे उजेड डोळ्यावर काहीतरी करतो, असा तो युक्तिवाद. रात्री नजरेच्या वाटेत विस्तव असेल तर पलीकडच्या अंधुक वस्तू दिसत नाहीत, आणि विस्तव झाकला की दिसू लागतात, हेही त्यांनी नोंदवलं आहे. खिडकीला तोंड करून ठेवलेल्या संगणकाचा त्रास नेमका हाच. पडद्यामागं भर दुपारचं ऊन, आणि त्यापुढं मंद अक्षरं. डोळ्याला एकाच वेळी दोन्ही सांभाळायला लावलं की तो थकतो. टेबल नव्वद अंशात फिरवलं, खिडकी बाजूला आली, तर फुकटात अर्धं काम होतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्यात एक सवय आहे, सगळं आमच्या पूर्वजांनी आधीच शोधलं होतं असं म्हणण्याची. हिंदू मित्रांतही ती भरपूर आहे, त्यामुळे या बाबतीत सामाजिक ऐक्य चांगलं आहे. इब्न अल-हैसम यांना डोळ्याच्या पडद्यावर उलटी प्रतिमा पडते हे ठाऊक नव्हतं. ते केप्लरनं १६०४ मध्ये सांगितलं. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगतं, आणि ते फुगवायला आतला एक इवलासा स्नायू आवळून धरावा लागतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेल्महोल्ट्झनं दाखवलं. दूर पाहिलं की तो स्नायू सैल पडतो. शिवाय जवळचं पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळवून धरावे लागतात, ते कष्ट वेगळे. पाण्यानं भरलेली बादली हातात धरून उभं राहावं, तसं हे काम आहे. पाच मिनिटं काही वाटत नाही. पाच तासांनी बादलीचं वजन तेवढंच असतं, हात मात्र थरथरतो. चाळिशीनंतर भिंग कडक होतं आणि बादली आणखी जड.

स्नायूचा पत्ता लागण्याआधीच इलाज मात्र कळला होता. इटलीत मोडेना आणि पुढे पादुआ इथं शिकवणारे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात त्यात ‘तू काम काय करतोस’ हा प्रश्न घाला, असं सांगणारे हे गृहस्थ. त्यांच्या पुस्तकात खाणकामगार आहेत, कुंभार आहेत, धोबी आहेत, आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकही आहेत. लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं त्यांनी दिली : सतत बसणं, हाताची एकसारखी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. बारीक काम करणाऱ्यांच्या, म्हणजे घड्याळवाले, जडावकाम करणारे वगैरेंच्या डोळ्यांबद्दल त्यांचं वेगळं प्रकरण आहे. चष्मा वापरा, हे ते सांगतातच. पण त्याबरोबर सांगतात की मान खाली घालून एकाच जागी नजर रोवून बसू नका. मधून मधून हातातलं काम खाली ठेवा आणि डोळे दुसरीकडे वळवा, वेगवेगळ्या वस्तू बघा.

तीनशे वर्षं झाली. आज दवाखान्याच्या भिंतीवर २०-२०-२० चा जो कागद चिकटवलेला असतो, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहा, तो नियम अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ जेफ्री ॲन्शेल यांच्या नावावर आहे आणि १९९० च्या दशकातला आहे. आकडे लक्षात ठेवायला सोपे म्हणून तसे आहेत. आतला माल रामाझ्झिनीचा.

आता आपल्या घराजवळ येऊ. उर्दूचा नस्तालिक टायपात बसेना. अक्षरं एकमेकांच्या अंगावरून उतरत जातात, एकाच अक्षराची रूपं शेजाऱ्याप्रमाणे बदलतात, नुक्ते वर-खाली सरकतात. म्हणून मराठी, गुजराती, इंग्रजी खिळ्यांनी छापू लागल्यावरही उर्दू छपाई दीर्घकाळ शिळेवर, लिथोवर राहिली. कातिब बरूच्या कलमानं मसाल्याच्या पिवळ्या कागदावर लिहायचा, तो मजकूर दगडावर उतरायचा, आणि दगडावर उलट्या अक्षरांत दुरुस्ती करणारा आणखी एक कारागीर असायचा, त्याला संगसाज़ म्हणत. आरशातली अक्षरं वाचून त्यात नुक्ता भरायचा, हे काम कोणत्या डोळ्यांनी केलं असेल याची कल्पना करून पाहा. नंतर ऑफसेट आलं, दगड गेला, कातिब राहिला. चेन्नईचं ‘द मुसलमान’ हे १९२७ पासूनचं दैनिक तर एकविसाव्या शतकातही हातानं लिहून निघत होतं.

माझे थोरले मामू मालेगावात कातिब होते. जमिनीवर बैठक, डावा पाय दुमडलेला, उजवा गुडघा वर, गुडघ्यावर पुठ्ठ्याची तख्ती आणि तीवर कागद. पानावर पैसे मिळत. दिवसाला जास्तीत जास्त पानं, म्हणजे जास्तीत जास्त पैसे, त्यामुळे त्यांना कुणी आराम करा असं सांगत नव्हतं. पण कलम दर दोन-तीन शब्दांनी शाईत बुडवावं लागे. तेवढ्यात नजर दवातीकडे जाई. कलमाला कत द्यावा लागे, पान वाळू द्यावं लागे, चहा येई, ज़ुहरची अज़ान होई. विश्रांती कुणी दिलेली नव्हती, ती कामाच्या साधनातच होती. साठीला आले तेव्हा मामूंची मान आणि कंबर पार गेली होती. डोळ्यांना चष्मा होता, पण ‘आँखें जलती हैं’ ही तक्रार मी त्यांच्या तोंडून ऐकली ती कलम सुटल्यावर.

कलम सुटलं त्याची हकीकत अशी. पाकिस्तानातले मिर्ज़ा अहमद जमील यांनी अठरा हजारांहून अधिक जोडरूपं हातानं लिहून काढली आणि मोनोटाइप कंपनीच्या मदतीनं १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालिक’ तयार झालं. लाहोरचं ‘जंग’ त्यावर निघू लागलं. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरनं ‘इनपेज’ काढलं आणि साध्या पीसीवर उर्दू लिहिता येऊ लागली. चार-पाच वर्षांत हिंदुस्थानातल्या उर्दू छापखान्यांची बैठक जमिनीवरून खुर्चीवर आली. मामूंनी ज्या छापखान्यात कित्येक वर्षं काढली, त्याच्या मालकांनी त्यांना इनपेज शिकायला बसवलं. नाहीतर घरी बसा, असा पर्याय होता.

तो काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना संगणकाची ती मांडणी आठवेल. सीपीयूचा डबा टेबलावर आडवा, त्याच्या डोक्यावर जाडजूड काचेचा मॉनिटर. पडदा डोळ्यांच्या समोर, कधी थोडा वरच. खोलीत एसी, तोही माणसांसाठी नव्हे, यंत्रासाठी. चपला बाहेर. मॉनिटरच्या पुढे चिकटपट्टीनं लटकवलेली काळपट काच, जिला सगळे ‘अँटिग्लेअर’ म्हणत. मामूंचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल व्हायचे. डॉक्टरांनी नंबर तपासला, तो तसाच होता. थेंब दिले.

हे का होत होतं याचं एक उत्तर १९९३ मध्ये जपानमधून आलं. त्सुबोता आणि नाकामोरी या दोन डॉक्टरांनी १०४ ऑफिस कर्मचाऱ्यांच्या पापण्या मोजल्या. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववतो, पुस्तक वाचताना १०, आणि पडद्यावर वाचताना ७. दुसरं मोजमाप मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुस्तक खाली धरून वाचताना वरची पापणी उतरलेली असते, त्यामुळे डोळ्याचा उघडा भाग थोडा असतो. समोरच्या पडद्याकडे पाहताना तो जवळजवळ दुप्पट उघडा राहतो. म्हणजे ओलावा दुप्पट जागेतून उडतो आणि पापणी पुन्हा ओल पसरवायला येते ती आणखी कमी वेळा. वर एसीची हवा. कातिबाची नजर गुडघ्यावर, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ऑपरेटरची नजर समोर, डोळे टक्क उघडे. मामूंच्या डोळ्यांची आग नंबरची नव्हती, बैठकीची होती. आज पडदे पातळ झाले आहेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या जराशी खाली, आणि पडदा हातभर लांब, एवढं कुठल्याही ऑफिसात करता येतं. जिथं पडदा उंच असेल तिथं खालचं स्टँड काढून टाकावं, एसीचा झोत तोंडावर येत असेल तर पाती फिरवावी. याला खर्च नाही.

पण बैठक सुधारली तरी वेळेचा प्रश्न राहतोच, आणि तो मालेगावच्या छापखान्यात सुटण्यासारखा नव्हता. तो पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला अमेरिकेत. १९७७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या दोन तरुण उपसंपादकांना मोतीबिंदू झाला. टाइपरायटर जाऊन नुकतेच पडदे आले होते, आणि संशय पडद्यातून निघणाऱ्या किरणांवर गेला. वृत्तपत्र कामगारांच्या संघटनेनं प्रकरण लावून धरलं. सरकारी संस्था नायोश, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था, तपासायला आली. धोकादायक किरणं सापडली नाहीत. तिथंच प्रकरण संपलं असतं, पण शोध पुढे चालू राहिला तो डोळ्यांच्या साध्या, रोजच्या दुखण्याचा.

नायोशच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या कचेऱ्यांत पाहणी केली. पडद्यावर काम करणारे दोन प्रकारचे लोक होते. एक, पत्रकारांसारखे, जे आपल्या मर्जीनं उठतात, फोन करतात, विचार करत खिडकीबाहेर बघतात. दुसरे कारकून, ज्यांना दिवसभर आकडे भरायचे असतात आणि ज्यांचा वेग यंत्रच मोजतं. पडदा तोच असताना तक्रारी आणि ताण सर्वांत जास्त होता तो कारकुनांत. १९८१ मध्ये नायोशनं शिफारस केली : डोळ्यांवर मध्यम ताण असलेल्या पडद्याच्या कामात दर दोन तासांनी १५ मिनिटांची विश्रांती द्या, आणि काम जास्त ताणाचं असेल तर दर तासाला १५ मिनिटं.

मला या सगळ्या इतिहासात ही पाहणी सर्वांत मोलाची वाटते. नुसतं भिंगाचं आणि पापणीचं शास्त्र वाचून ती सुचली नसती. डोळा केव्हा उचलायचा हे ज्याच्या हातात आहे, त्याचा डोळा कमी दुखतो.

पुढचं भांडण मग अर्थातच घड्याळाचं झालं. न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीनं १९८८ मध्ये कायदा केला : दर तीन तासांनी १५ मिनिटांची विश्रांती, आणि डोळे तपासणी व चष्मा यांच्या खर्चाचे ८० टक्के मालकानं द्यायचे. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि पुढच्याच वर्षी कायदा रद्द झाला. १९९० च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को शहरानं तसाच कायदा केला, तो १९९२ मध्ये कोर्टानं उडवला. कामगार-सुरक्षेचे नियम करायचा अधिकार शहराचा नाही, राज्याचा, असं कारण. डोळे दुखतात की नाही यावर कोर्टात वाद झालाच नाही, तो झाला अधिकारक्षेत्रावर.

युरोपात निकाल वेगळा लागला. २९ मे १९९० ला युरोपीय समुदायानं पडद्यावरच्या कामाबद्दल निर्देश काढला. काम मधून मधून थांबलं पाहिजे किंवा बदललं पाहिजे, कर्मचाऱ्याला डोळे तपासून घ्यायचा हक्क आहे, आणि पडद्यासाठी वेगळा चष्मा लागला तर त्याचा खर्च कर्मचाऱ्यावर पडता कामा नये. हा शेवटचा मुद्दा चाळिशीवाल्यांनी नीट वाचावा. आपला वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, पडदा त्याच्यापेक्षा लांब असतो. मग माणूस मान पुढे काढतो, किंवा दुहेरी काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करतो. डोळे तपासताना आपला पडदा किती अंतरावर आहे ते टेपनं मोजून डॉक्टरांना सांगावं. मी तसंच केलं आणि मानेचं दुखणं निम्म्यावर आलं.

स्वीडनची गोष्ट आणखी मजेची. तुम्ही पंचविशीच्या पुढचे असाल तर सायबर कॅफेतल्या मॉनिटरच्या कोपऱ्यात ‘टीसीओ ९५’ किंवा ‘टीसीओ ९९’ असा छोटा बिल्ला पाहिला असेल. मला तो कुठल्या तरी कंपनीचा वाटे. टीसीओ म्हणजे स्वीडनमधल्या पांढरपेशा कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा महासंघ. कारकून, परिचारिका, शिक्षक यांची संघटना. मालकांशी पडद्यांवरून भांडत बसण्यापेक्षा त्यांनी चांगल्या मॉनिटरची स्वतःची प्रमाणपट्टी काढली. कारखान्यांना ती घेणं भाग पडलं, कारण त्या बिल्ल्याशिवाय युरोपात माल खपायला अडचण येऊ लागली. पडद्याची थरथर आणि त्याभोवतीची विद्युत क्षेत्रं कमी झाली. स्टॉकहोमच्या कारकुनांच्या मागणीचा फायदा मालेगावच्या कातिबाला मिळाला, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

मग आपल्याकडे? आपल्याकडच्या संघटना कमकुवत नव्हत्या. एलआयसीत संगणक आणण्यावरून साठच्या दशकात कोलकात्यात मोठा संघर्ष झाला. बँकांत १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. पण आपली भीती वेगळी होती. यंत्र आलं तर किती नोकऱ्या जातील, हा प्रश्न होता, आणि बेकारीच्या देशात तो बरोबरच होता. ज्याला नोकरी राहील की नाही याचीच धास्ती, तो डोळ्याचं काय मागणार? १९४८ च्या कारखाना अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणाचं ३५ वं कलम होतं, पण ते उडणाऱ्या कणांपासून आणि अतिप्रखर उजेडापासून. वेल्डिंगच्या ठिणगीनं एका क्षणात जाणारा डोळा कायद्याला दिसतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग काही तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची सुट्टी आहे. ती जेवणाची. त्या अर्ध्या तासात आता लोक मोबाइल पाहतात, तो भाग वेगळा.

विश्रांतीची जागा आपल्याकडे वस्तूंनी घेतली. तेव्हा काळपट काच, आता निळा उजेड अडवणारा चष्मा. चष्म्याच्या दुकानात तो जवळजवळ गृहीतच धरला जातो. घेतला नाही तर दुकानदार काळजीनं बघतो. २०२३ मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला आणि पडद्यामुळे येणारा ताण अशा काचांनी, निदान थोड्या काळात तरी, कमी होत नसावा असा निष्कर्ष काढला. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही या काचांची शिफारस करत नाही. ज्याला घ्यायच्या त्यानं घ्याव्यात, पण त्या पैशांत ऑफिसच्या खिडकीला चांगला पडदा येतो.

उर्दूच्या लोकांसाठी एक जास्तीची गोष्ट. नस्तालिक कमी जागेत उभा वाढतो, त्यामुळे मराठी-इंग्रजीच्या मापाला ठेवला तर नुक्ते एकमेकांत मिसळतात आणि बे-पे-ते ओळखायला डोळे बारीक करावे लागतात. देवनागरीतही ‘ध’ आणि ‘घ’ची तीच गत. अक्षराचा आकार वाढवायला आपल्याला उगाच कमीपणा वाटतो. कातिब मजकुरासाठी बारीक आणि शीर्षकासाठी जाड कलम घेत, तसं पडद्यावर वाचताना जाड कलम घ्यावं आणि छापताना बारीक करावं. बीएडला असताना आम्हाला शाळेच्या आरोग्याचा एक धडा होता. फळ्यावरच्या अक्षराचा आकार शेवटच्या बाकावरून ठरवा आणि वर्गात उजेड डावीकडून येऊ द्या. फळ्याचा जेवढा विचार झाला तेवढा संगणकाचा झाला, तर बरं होईल.

कारण आता हे शाळेचंही झालंय. हजेरी, पोषण आहार, निकाल, शिष्यवृत्ती, आधार जुळणी, सगळं पोर्टलवर. शेवटची तारीख जवळ आली की सर्व्हर दिवसा चालत नाही, आणि शिक्षक रात्री बारा वाजता गोल फिरणाऱ्या चकतीकडे टक लावून बसतात. एका शाळेच्या कचेरीत ऑपरेटर बाईंना मी विचारलं की मधून उठता का. त्या म्हणाल्या, “सर, उठले तर लॉगआउट होतं.” कलम शाईत बुडवायलाच नजर उचलली जायची, इथं नजर उचलली की केलेलं काम जातं.

अधिकारी आणि संस्थाचालक यांच्याशी बोलताना मी डोळ्यांचा विषय काढत नाही. मी त्यांना २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. नायोशच्याच गॅलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या आयकर खात्यातल्या ४२ डेटा-एन्ट्री कर्मचाऱ्यांवर तो केला होता. नेहमीच्या दोन सुट्ट्यांखेरीज त्यांना तासागणिक पाच-पाच मिनिटांच्या चार जादा सुट्ट्या दिल्या. रोजची २० मिनिटं कमी झाली. डोळ्यांचा आणि अंगाचा त्रास घटला. आणि वीस मिनिटं कमी काम करूनही दिवसाअखेर भरलेले आकडे कमी पडले नाहीत, कारण बोटांचा वेग वाढला होता. हे ऐकल्यावर दहापैकी तिघे तरी कागद पुढे ओढून लिहून घेतात, आणि उरलेले विचारतात की मग त्या वेळात पोर्टल कोण बघणार.